खडाखडी : जपानी लढाऊ चित्रमालिकांविषयी



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहे. पण शिरोलीच्या या औद्योगिक वसाहतीत त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. सागवानी लाकडातून जे पॅटर्न घडवतात, आणि ज्यांच्या हातचा नमुना वाळूत नीट उठल्याखेरीज भट्टीतल्या रसाला आकार लाभत नाही, अशा कारागिरांना मेस्त्री म्हणण्याचा कोल्हापुरात जुना शिरस्ता आहे, आणि त्या शिरस्त्याप्रमाणे ते आपणा सर्वांचे मेस्त्री होते. आजही मी त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे. विषय कळवावा असे चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या मनात शाहू छत्रपतींचे औद्योगिक धोरण किंवा ओतकामाच्या धंद्याचा इतिहास असा काही विषय असावा, अशी माझी समजूत आहे. जपानी लढाऊ चित्रमालिका, जिला आपली मुले ॲनिमे म्हणतात, ती कोणत्या गुणामुळे पाहण्यायोग्य ठरते, हा विषय मी लिहून पाठवला, आणि त्यांनी तो काही हरकत न घेता मंजूर केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण या विषयाचा पहिला धडा मला मेस्त्रींच्याच घरी मिळाला आहे, आणि तो त्यांच्या स्मृतिदिनी परत करावा हे मला न्याय्य वाटते.

मेस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांचा नातू शाळेत जात होता, आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जे काही लागेल ते दोघे मिळून पाहत. माझे घर दोन गल्ल्या पलीकडे असल्यामुळे मीही पुष्कळदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे. नातवाच्या आवडीच्या एका मालिकेत दोन योद्धे एका उजाड माळावर परस्परांसमोर उभे ठाकले होते; वारा वाहत होता, एकाच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळत होता, आणि कितीतरी वेळ त्यापलीकडे काहीही घडत नव्हते. मेस्त्रींचा संयम सुटला. ‘आरं, ही नुसती एकमेकाकडं बघत हुभी ऱ्हायल्यात. भिडायचं कवा?’ असे ते नातवाला म्हणाले. पुढे आठपंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तसाच प्रसंग पडद्यावर चालू होता, आणि या वेळी अधीर झालो होतो मी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले, तोच मेस्त्रींनी पडद्यावरची नजर न काढता हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, ‘मास्तर, गप बसा. खडाखडी चाललीया.’

तरुणपणी मेस्त्रींनी तालमीत लाल माती अंगाला लावलेली होती, म्हणून हा शब्द त्यांच्या तोंडी आपसूक आला; आणि मला वाटते, या संपूर्ण कलाप्रकाराचे मर्म एका शब्दात सांगावयाचे झाले तर याहून नेमका शब्द मराठीत सापडणार नाही. ज्यांनी खासबागेत कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना खडाखडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शाहू महाराजांनी बांधविलेले आणि १९१२ साली खुले झालेले ते मैदान असे आहे की उतरत्या कडांवर कोठेही बसले तरी मधला हौदा पूर्ण दिसतो. दोन मल्ल सलामी देतात, हाताला हात भिडतात, मानेवर पंजा पडतो, पाय मातीत रुततात, आणि मग बराच वेळ अजाण माणसाला काहीच घडत नाही असे वाटते. हलगी मात्र वाजत असते. जाणता प्रेक्षक त्या वेळी सर्वांत सावध असतो. कोणाचा श्वास चढला आहे, कोणी भार पुढच्या पायावर घेतला आहे, कोण ढाक मारण्याच्या बेतात असून ते लपवीत आहे, याचा हिशेब तो मनाशी मांडत असतो. त्यानंतर डाव पडतो तो एका निमिषात, आणि ज्याने खडाखडी पाहिली नाही त्याला तो डाव डोळ्यांनी दिसूनही कळलेला नसतो. कोल्हापूरच्या मनुष्याला ही दृष्टी वाडवडिलांकडून मिळालेली आहे. आणि माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे की, उत्तम लढाऊ मालिका ही खडाखडीची कला आहे, आणि तिच्यातल्या घावाची योग्यता त्या घावाच्या आधी काय उभे केले होते व त्याच्यापायी नंतर काय गमवावे लागले, यांवरून ठरते.

येथे एक भेद केला पाहिजे, कारण प्रत्येक विलंब म्हणजे खडाखडी नसते. ‘ड्रॅगन बॉल झी’ ही मालिका जपानात १९८९ ते १९९६ या काळात २९१ भागांत दाखविली गेली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती हिंदी वाणी घेऊन आपल्याकडे आली तेव्हा आपल्या घराघरांतील मुलांना तिने वेड लावले. तिच्यात नामेक नावाच्या ग्रहावरचे एक युद्ध आहे. हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे खलपुरुष सांगतो, आणि त्यानंतर तो ग्रह काही केल्या फुटत नाही. भागांमागून भाग जातात आणि ती पाच मिनिटे संपत नाहीत. कारण उघड आहे. मूळ चित्रकथा साप्ताहिकातून दर आठवड्याला थोडी थोडी प्रसिद्ध होत होती, मालिका तिच्या पाठीवर येऊन ठेपली होती, आणि कथा पुढे सरकेपर्यंत पडद्यावरची वेळ कशाने तरी भरून काढणे चालकांना भाग होते. मी ती मालिका तुच्छ लेखत नाही. मैत्री, ईर्ष्या आणि पुत्रप्रेम यांचे जे प्रसंग तिच्यात आहेत त्यांनी माझेही डोळे पाणावले आहेत. परंतु हौद्यात दोन मल्ल ठरवून वेळ काढू लागले तर खासबागेतला प्रेक्षक जसा ओरडून त्यांना बजावतो, तसा हक्क या मालिकेच्या प्रेक्षकालाही आहे. मेस्त्री तो बजावत असत. ‘ह्यो आता मुदतवाढ मागतोय,’ असे ते म्हणत.

खऱ्या खडाखडीचा जन्म मात्र दारिद्र्यातून झाला, आणि ही हकिकत मला नेहमी हृद्य वाटते. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘टेत्सुवान आटोमु’ ही मालिका, जी जगभर ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखली गेली, जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग द्यावयाचा, आणि त्यासाठी हाती पैसा अत्यल्प व माणसे मोजकी. चलच्चित्राच्या फितीवर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. संपन्न अमेरिकी चित्रशाळांची रीत अशी की दर दोन चौकटींना, प्रसंगी दर चौकटीला, नवे चित्र काढावयाचे. तेझुकांच्या मंडळींनी एकच चित्र तीन चौकटींपुरते ठेवले, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागवले. ओठ तेवढे हलवावेत आणि बाकीचा चेहरा स्थिर ठेवावा. एकदा काढलेली चित्रे फेकून न देता दप्तरी लावून पुढच्या भागांत पुन्हा वापरावीत. धावणारा मनुष्य दाखवण्याऐवजी त्याच्यामागची पार्श्वभूमी सरकवावी, अशा अनेक तजविजी त्यांना कराव्या लागल्या. ज्याला एका सेकंदात आठच रेखाचित्रे परवडतात तो ती वाटेल तेथे उधळू शकत नाही; तो ती राखून ठेवतो, स्थिर मुद्रेवर, डोळ्यावर, मुठीवर प्रेक्षकाचे ध्यान गोळा करतो, आणि ते पुरेसे गोळा झाल्यावर आपली सारी शिल्लक एकाच हालचालीवर खर्च करतो. काटकसर म्हणून आलेली स्थिरता अशा रीतीने हळूहळू शैली झाली. आपल्या फौंड्रीत मोल्ड बांधणे, कोअर बसवणे, पेट्या जुळवणे यांत तासांमागून तास जातात आणि प्रत्यक्ष रस ओतण्याचे काम काही सेकंदांत उरकते, हे पाहत आयुष्य घालविलेल्या माणसांना ती शैली परकी वाटू नये.

आणि ती वाटू नये याला आणखीही एक कारण आहे. हलत्या चित्रांचा आणि लेथ यंत्राचा संबंध कोल्हापूरइतका जवळचा आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी असेल. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास, विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने, याच गावी आपला चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. विलायतेहून यंत्र आणवण्याइतके द्रव्य जवळ नव्हते, म्हणून भाग घडवले, कातले, जुळवले आणि चालते केले. त्या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली लोकांपुढे आला, आणि लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत आणि भीषण उतरले होते की ते पुढे काढून टाकावे लागले. कोल्हापूरच्या चित्रपटकलेचा पहिला मोठा आविष्कार हा अशा रीतीने एका द्वंद्वाचा आविष्कार होता, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

ते द्वंद्व आपण सारे जाणतो, पण लढाऊ कथेचा नमुना म्हणून त्याच्याकडे पुन्हा पाहा. अज्ञातवासाचे वर्ष चालू आहे. ओळख उघडकीस आली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. ज्याच्या बाहूंत हत्तीचे बळ आहे तो भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून राबतो आहे, आणि भर सभेत द्रौपदीला लाथ मारली जात असताना त्याला दात-ओठ आवळून बसावे लागते. तो घाव घालू शकतो, घालण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तरीही त्याने घाव घालता कामा नये. रात्री द्रौपदी स्वयंपाकघरात येऊन त्याला जागे करते, आणि नर्तनशाळेच्या अंधारात कीचकाचा अंत होतो. तो वध जर सभेत तिथल्या तिथे झाला असता तर ती एक मारामारी झाली असती. महिनोन्महिने दाबून धरलेल्या बळाचा तो स्फोट असल्यामुळे तो महाकाव्यात जाऊन बसला. जपानी मंडळींनी ‘रुरौनी केन्शिन’ या १९९६ साली सुरू झालेल्या मालिकेत हाच धागा दुसऱ्या मुलखात विणला आहे. काळ १८७८ सालचा, मेजी राजवटीचा. क्रांतीच्या धामधुमीत ज्याने असंख्य माणसे मारली तो तरवारबहाद्दर आता पुन्हा कोणाचा जीव न घेण्याची शपथ वाहून भटकतो आहे, आणि त्याच्या तरवारीची धार उलट्या बाजूस, म्हणजे स्वतःच्या दिशेस आहे. प्रत्येक लढाईत प्रश्न दोन असतात : तो जिंकेल काय हा एक, आणि जिंकण्यासाठी तो आपली शपथ मोडेल काय हा दुसरा. मेस्त्रींचे डोळे त्या दुसऱ्या प्रश्नावर खिळलेले असत. नायकाच्या डोळ्यांचा रंग पालटला, तो पूर्वीचा खुनी होऊ लागला, की ते अस्वस्थ होऊन जागेवरून उठत आणि पुन्हा बसत.

आता जोडीविषयी. कुस्तीत ‘जोड’ हा शब्द प्रतिस्पर्ध्यासाठी वापरतात, आणि ज्या भाषेने शत्रूसाठी असा शब्द घडवला तिच्या शहाणपणाला मी वंदन करतो. ज्या मालिकेत समोरचा मनुष्य केवळ मार खाण्यासाठी उभा केलेला असतो ती मी दोन भागांपलीकडे पाहू शकत नाही, आणि आपणही पाहू नये. या बाबतीत माझ्या मते आजवरची सर्वश्रेष्ठ मालिका ‘आशिता नो जो’ ही आहे. १९७० आणि १९७१ या दोन सालांत ती ७९ भागांत दाखविली गेली, आणि तिचे दिग्दर्शक ओसामु देझाकी त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते. तोक्योतील मजुरांच्या गरीब वस्तीत, एका पुलाखाली, एकाक्ष आणि व्यसनाधीन असा दानपेई तांगे नावाचा जुना मुष्टियोद्धा राहतो; त्याला जो याबुकी हा उनाड, निराधार पोरगा सापडतो. जो सुधारगृहात जातो, तेव्हा हा वस्ताद त्याला पत्रावर पत्र धाडून ठोशांचे एकेक पाठ शिकवतो. त्याच सुधारगृहात जोला त्याची जोड भेटते : तोरु रिकीइशी.

रिकीइशी वजनाने जोपेक्षा कितीतरी भारी. तो आपल्या गटात सुखाने लढत राहिला असता तर जोबरोबर त्याची गाठ व्यावसायिक रिंगणात कधीच पडली नसती. पण सुधारगृहात अपुरी राहिलेली लढत पुरी करावयाची हा त्याचा निश्चय. आणि म्हणून तो आपले शरीर आटवून, सुकवून, जोच्या बँटम गटापर्यंत खाली आणतो. अन्न सोडतो, शेवटी पाणीही सोडतो. तहान अनावर झाली तर हात जाऊ नये म्हणून नळ तारांनी आवळून बंद केले जातात. तो लढतो, जिंकतो, आणि त्या लढतीनंतर मरण पावतो. मूळ चित्रकथेत हा प्रसंग आला तेव्हा, २४ मार्च १९७० रोजी, प्रकाशकांच्या वास्तूत रिकीइशीची अंत्यविधीची सभा खरोखर भरविण्यात आली. कवी शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने सुमारे सातशे माणसे त्या रेखांकित मनुष्याला निरोप द्यायला आली होती. जोसाठी ती माणसे आली नव्हती, ती त्याच्या प्रतिस्पर्ध्यासाठी आली होती. देझाकी यांची एक लकब पुढे फार प्रसिद्धीस आली : हालचालीच्या ऐन शिखरावर ते चित्र गोठवतात, आणि ते गोठलेले चित्र रेषारंगांनी हाताने रंगविलेल्या चित्रासारखे आपल्यापुढे थांबते. ठोसा बसल्यानंतरची ती स्तब्धता मी जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा मला खासबागेतली, चितपट होण्याच्या आणि आरोळी उठण्याच्या मधली, ती विलक्षण शांतता आठवली आहे.

मेस्त्रींनी ही मालिका पाहताना मला खाशाबा जाधवांची आठवण दिली, आणि त्यानंतर मी ती दोन नावे मनात वेगळी करू शकलो नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकले आणि येथल्या मातीत तयार झाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले आणि तेथे, मातीची सवय असलेल्या अंगाने, मॅटवर लढून सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी पैसा नव्हता. प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गट होता बँटम, सत्तावन्न किलोचा, म्हणजे नावाने तोच, ज्यात पुढे जो आणि रिकीइशी लढावयाचे होते. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी जिंकले, आणि त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते. खाशाबा इशींकडून पराभूत झाले आणि कांस्यपदक घेऊन परतले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. युद्धात बेचिराख झालेल्या देशाचा एक मल्ल आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा एक मल्ल त्या फिनलंडच्या मॅटवर समोरासमोर आले होते. त्या दोघांत खलपुरुष कोण, असे कोणी विचारील काय? मेस्त्री म्हणत, इशी नसता तर खाशाबाला कदाचित सुवर्ण मिळालं असतं, पण मग त्यो कुणासंगं लढला असता?

जोच्या कथेचे लेखक इक्की काजिवारा यांचीच ‘क्योजिन नो होशी’ ही बेसबॉलवरची मालिका १९६८ साली जपानात आली होती, आणि तिचेच भारतीय रूप ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने, बेसबॉलच्या जागी क्रिकेट घालून आणि तोक्योच्या जागी मुंबईची गरीब वस्ती घालून, २०१२ च्या डिसेंबरात आपल्या दूरचित्रवाणीवर अवतरले. उद्योग स्तुत्य होता. जपानी व भारतीय हातांचा त्याहून मोठा संगम युगो साको यांच्या ‘रामायण’ चित्रपटात, आपल्या राम मोहन यांच्या सहकार्याने, १९९२ सालीच होऊन गेला होता. पण तो चित्रपट आहे, मालिका नव्हे, म्हणून त्याची कैफियत आज मांडत नाही.

यंत्रांविषयी मात्र या सभागृहात बोललेच पाहिजे. १९७९ पर्यंत जपानी मालिकांतले प्रचंड यंत्रमानव हे देवतांसारखे असत. संकटकाळी प्रकट व्हावे, शत्रूला चिरडावे आणि अदृश्य व्हावे. योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडम’ या मालिकेने त्या देवतेला कारखान्यात आणले. तेथे यंत्राचे सुटे भाग झिजतात, दारूगोळा संपतो, रसद येईपर्यंत थांबावे लागते, दुरुस्ती करणारे लोक रात्र जागवतात. गंडम हा नमुना आहे, आणि त्या नमुन्यावरून पुढे स्वस्त व साधी यंत्रे मोठ्या संख्येने काढली जातात. सॅम्पल पास होणे आणि मग उत्पादन सुरू होणे, यांतले अंतर आपल्याला ठाऊक आहेच. आणि ते यंत्र चालवणारा मुलगा, आमुरो, एका वाळवंटी गावातल्या खाणावळीत शत्रुपक्षाच्या रांबा राल नावाच्या सेनाधिकाऱ्यासमोर योगायोगाने येऊन बसतो. त्याच्यासोबतची स्त्री मुलाला जेवू घालू पाहते, मुलगा आपण भिकारी नाही म्हणून नकार देतो, आणि राल त्याच्या मानीपणावर प्रसन्न होतो. पुढे त्या दोघांना एकमेकांचा जीव घेण्यासाठी झुंजावे लागते, तेव्हा त्या लोखंडाच्या आत कोण बसले आहे हे आपणास ठाऊक असते. बावन्न भागांची योजना असलेली ही मालिका प्रेक्षक न मिळाल्यामुळे त्रेचाळीस भागांत आटोपती घ्यावी लागली. तिची कीर्ती नंतर झाली. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या पुढच्या काळातील मालिकेत नायकाचा एक हात आणि एक पाय पोलादी आहेत, आणि ते बनवणारी मुलगी ही तरबेज यंत्रकारागीर आहे. उत्तरेच्या हिमप्रदेशात गेल्यावर ते पोलाद थंडीने मांसाला बाधते, तेव्हा ती थंड मुलखाकरिता निराळ्या मिश्रधातूचे अवयव घेऊन तेथवर जाते. आमच्या वसाहतीतल्या मुलांनी मला या प्रसंगाविषयी जितके बारकाईचे प्रश्न विचारले तितके मला कोणत्याही कवितेविषयी वर्गात कधी विचारले गेले नाहीत.

पालकांचा एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे, की या मालिकांत सारे अवास्तव असते. मनुष्य एवढी उडी मारीत नाही, ठोशाने भिंत फुटत नाही, आणि डोळे एवढे मोठे नसतात. याचे उत्तर मला मेस्त्रींच्या पट्टीने दिले. पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टी साध्या पट्टीहून किंचित लांब असते, कारण बिडाचा रस थिजून निवताना आकसतो, मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर. म्हणून लाकडी नमुना तयार मालाच्या मापाहून जाणूनबुजून मोठा करावा लागतो, आणि तो वाळूतून निर्वेध उचलला जावा म्हणून त्याच्या कडांना थोडा निमुळतेपणाही द्यावा लागतो. नवशिक्याला तो नमुना चुकीचा वाटतो. उत्तम चित्रकाराने काढलेला ठोसाही असाच प्रेक्षकाच्या मनात थिजताना आकसणार असतो, आणि त्या आकसण्याची सूट धरून तो मोठा काढलेला असतो. मनात उरते ते खऱ्या मापाचे दुःख, खऱ्या मापाची जिद्द. सूट किती धरावी हे धातूवर अवलंबून. पोलादाला जी लागते ती बिडाला चालत नाही. ‘जो’सारख्या कथेत ती थोडीशी, ‘ड्रॅगन बॉल’सारख्या अद्भुत कथेत पुष्कळ. ज्या मालिकांत ही सूट अंदाजपंचे धरलेली असते, जेथे प्रत्येक ठोसा मागच्याहून मोठा आणि प्रत्येक शत्रू मागच्याहून उंच एवढाच हिशेब असतो, तेथे हाती येणारे कास्टिंग मापात बसत नाही. ते परत भट्टीतच जाते. रक्तपाताविषयीही माझे मत याच धर्तीचे आहे. रिकीइशीचा मृत्यू मी दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या सोबतीने पाहू देईन. जेथे शेकडो माणसे मरतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही, अशी मालिका मी त्याला पाहू देणार नाही, मग तिची चित्रे कितीही सुंदर असोत.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीच्या पुलाजवळ वाहतूक बंद झाली, ते दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. मालमोटारींची रांग कोठवर गेली होती ते दिसत नव्हते. भट्ट्या थंड होत्या. कामावर येणारे पलीकडच्या काठावर अडकले होते आणि गेलेले अलीकडे. मेस्त्रींची प्रकृती तेव्हा क्षीण झाली होती. नातू आता अभियांत्रिकी शिकत होता, आणि त्याने आपल्या संगणकावर ‘आशिता नो जो’ आणून ठेवली होती. वीज येई तेवढ्या वेळात यंत्र भरून घ्यावयाचे आणि ती गेली की अंधारात त्या लहानशा पडद्यावर दोनतीन भाग पाहावयाचे, असा आमचा त्या आठवड्यातला क्रम झाला होता. नातू खालची अक्षरे वाचून आजोबांना मराठीत सांगे.

रिकीइशी तहानेने वेडापिसा होऊन नळांकडे धावतो, ते तारांनी बांधलेले पाहून कोसळतो, आणि योको नावाची ती तरुणी, जिने हे सारे थांबावे म्हणून अनेकदा विनवले होते, कोमट पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरते. तो पेला हातात घेतो. बराच वेळ पाहतो. मग तिची भावना आपणास पोचली असे सांगून तो ते पाणी जमिनीवर ओततो. बाहेर सगळीकडे पाणी होते आणि आत कोणी बोलत नव्हते.

मेस्त्रींनी नातवाच्या मनगटाला हात लावला. ‘मागं घे जरा,’ ते म्हणाले. ‘पेला हातात घेतल्यापासनं.’

नातवाने ते मागे घेतले, आणि आम्ही तिघांनी ते पुन्हा पाहिले; आणि मग यंत्रातली वीज संपेपर्यंत आणखी एकदा.